दोन्ही हातांनी दिलेली चावी

लिव्हुवानी नेमाकोंडे पहिल्या दिवशी पंपघराच्या दारात गुडघे टेकून बसली, दोन्ही तळवे जोडले, मान खाली घातली आणि ‘आऽ’ म्हणाली. तिच्याकडे, देशाच्या उत्तर टोकाच्या व्हेंडात, बाईमाणसाने वडीलधाऱ्याला नमस्कार करायचा तो असाच. समोरच्या म्हाताऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, पोरीच्या हातून काहीतरी पडलं. तोही वाकला, चष्मा नाकावर सरकवला आणि फरशीवर शोधायला लागला.

“काय पडलं गं? नट की वॉशर?”

मागे अब्राम उभा होता, पंप चालू-बंद करणारा ऑपरेटर. तो हसून हसून भिंतीला टेकला. पुढचे आठ दिवस पंपघरात जो येईल त्याला त्याने हा प्रसंग करून दाखवला, दोघांच्या सोंगांसकट. आठव्या दिवशी लिव्हू उभ्यानेच ‘गुड मॉर्निंग’ म्हणाली. म्हाताऱ्याने मान हलवली. आपलं ते वागणं तिला इतकं उद्धट वाटलं, की दुपारपर्यंत तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

म्हाताऱ्याचं नाव दावीद. करीपुट गावात साठीच्या पुढे गेलेल्या पुरुषाला ऊम म्हणतात, म्हणजे काका. तसा तो सगळ्यांचा ऊम दावीद. एकतीस वर्षं तो याच पंपघरात फिटर होता. ऑरेंज नदीचं पाणी उचलून चार किलोमीटरवरच्या टेकडीवर, टाकीत नेऊन टाकायचं, एवढंच या पंपघराचं काम. चार पंप, चार मोटारी, एक लांबलचक पॅनेल. बाहेर नदीकाठी वेळूची हिरवी रेघ, आणि तिच्यापलीकडे नजर थकेपर्यंत दगड.

लिव्हू तिथे आली ती चौदाशे किलोमीटरवरून. थोहोयांडूजवळच्या कॉलेजात तिने इलेक्ट्रिकलच्या तीन पायऱ्या पार केल्या होत्या, एन-चार, एन-पाच, एन-सहा. साठ मुलं आणि एक मोटार, तीही अर्धी कापलेली, आतलं दिसावं म्हणून. ती कधी फिरलीच नव्हती. मास्तर फळ्यावर काढायचे आणि मुलं वहीत काढून घ्यायची. लिव्हूच्या आकृत्या इतक्या नेटक्या असत, की मास्तर तिची वही पुढच्या वर्गाला दाखवत. पण आकृत्यांनी डिप्लोमा मिळत नाही. दीड वर्षाचा अभ्यास झाला की दीड वर्ष प्रत्यक्ष काम करायचं, कामाची वही भरायची, तिच्यावर महिन्यामागून महिना मार्गदर्शकाची सही घ्यायची. अठरा महिन्यांच्या अठरा सह्या. त्या झाल्या तर डिप्लोमा. डिप्लोमा झाला तर आणखी तीनेक वर्षांच्या अनुभवानंतर इंजिनिअरिंग परिषदेच्या यादीत नाव लागायची आशा: प्रोफेशनल इंजिनिअरिंग टेक्निशियन. हे शब्द तिने कॉलेजच्या माहितीपत्रकात पहिल्यांदा वाचले होते. घरी आईला वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली, “एवढं लांब नाव? म्हणजे पगारही लांबच असेल.”

अडचण एवढीच, की अठरा महिने कुणी कामावर घ्यायला तयार नसतं. तिच्या वर्गातल्या बहुतेकांच्या एन-सहाच्या गुणपत्रिका घरच्या कपाटात पडून होत्या. तिची मैत्रीण रेंडानी सुपरमार्केटात फळांवर चिकटपट्ट्या लावत होती आणि म्हणायची, “माझ्या पट्ट्या बघ, एकही तिरकी नसते. इंजिनिअरिंग वाया गेलं नाही.” लिव्हूने साठ-सत्तर ठिकाणी अर्ज केले. उत्तर आलं ते एकच, देशाच्या दुसऱ्या टोकाहून.

आई चहाच्या मळ्यात पानं खुडायची. तिने ते पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि तिथे आपली माणसं आहेत का, एवढंच विचारलं. लिव्हू म्हणाली, असतील. आपली माणसं सगळीकडे असतात.

करीपुटला नव्हती. एकही नव्हतं. गाव अफ्रिकान्स बोलायचं, थोडं त्स्वाना, दुकानात गरजेपुरतं इंग्रजी. तिची भाषा इथे कुणी ऐकलीही नव्हती. पहिल्या महिन्यात ती खोलीवर गेली की रेडिओ घेऊन गावचं केंद्र शोधायची; काटा इकडून तिकडे फिरायचा, वाऱ्यासारखी खरखर यायची. मग तिने तो नाद सोडला. पंपांच्या नोंदी घेताना मात्र ती आकडे स्वतःच्या भाषेत मोजायची, ओठांतल्या ओठांत. दिवसभरात तिच्या तोंडून आपल्या भाषेचे शब्द निघायचे ते तेवढेच, आणि तेही आकडे.

खोली तानी मीताच्या परसात होती. तानी म्हणजे मावशी-काकू जे म्हणाल ते. विधवा बाई, मनाने चांगली, पण बोलायची ती कोंबड्यांशी. एकदा तिने भोपळ्याच्या वेलाची कोवळी पानं तोडून खुराड्यात टाकली. लिव्हूने ती मागितली. गावाकडे हीच पानं शेंगदाण्याचं कूट घालून शिजवतात आणि मक्याच्या पिठाच्या पातळ पापुद्र्यांसारख्या थरांबरोबर खातात. तिच्या जिभेवर ती चव दहा महिने नुसती आठवण होऊन बसली होती. तानी मीता बघतच राहिली.

“कोंबड्यांचं खाणार तू?”

“आमच्याकडे माणसं खातात, तानी.”

“मग कोंबड्या काय खातात?”

लिव्हूने भाजी केली, वाटीभर तानीला नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन परत आली. चव घेतली की खुराड्यात गेली, हे कळलं नाही.

पंपघरात अब्रामची जीभ सदा सैल. व्हेंडाची माणसं मंत्राने वीज पाडतात, असं सगळ्या देशात चेष्टेने म्हणतात, आणि अब्रामला ही चेष्टा म्हणजे फुकटची तंबाखू. लाईट गेली की तो ओरडायचा, डिझेल जाळू नका रे, लिव्हूला सांगा, ती एक वीज बोलावेल. लिव्हूने सात-आठ वेळा ऐकून घेतलं. एकदा पॅनेलचं दार लावता लावता ती म्हणाली, “बोलावते. पण ती थ्री-फेज येत नाही, अब्राम. तुझे पंप उलटे फिरतील.” ऊम दावीद त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसला.

म्हातारा तिला शिकवायचा. फार बोलायचा नाही, पण पाना तिच्या हातात द्यायचा आणि स्वतःचे हात खिशात घालायचा, म्हणजे मदतीला यायचा मोह नको. बेअरिंगचा आवाज स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून कानाने कसा ऐकायचा, इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरचा आकडा सकाळी आणि दुपारी वेगळा का येतो, शाफ्टभोवतीच्या ग्लँडमधून पाण्याचे थेंब पडायलाच हवेत, पूर्ण बंद केलंस तर शाफ्ट जळेल. कॉलेजच्या वहीतली मोटार इथे गरम होत होती, थरथरत होती, तिला वास होता. महिन्यातून दोनदा नव्वद किलोमीटरवरच्या जिल्हा कचेरीतून मोलालेबाई यायच्या. त्या स्वतः यादीत नाव असलेल्या टेक्निशियन होत्या आणि लिव्हूच्या मार्गदर्शक. वही वाचायच्या, प्रश्न विचारायच्या, समाधान झालं तर महिनाअखेरीला सही करायच्या. हसायच्या नाहीत. अशा तेरा सह्या झाल्या.

आता कुलपाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

बंद मोटारीवर काम करायचं असेल तर आधी पॅनेलवरचा तिचा स्विच पाडायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप लावायचं. जितकी माणसं काम करणार तितकी कुलपं. प्रत्येकाचं लाल कुलूप, त्याला नाव आणि फोटो असलेलं पत्र्याचं लेबल, आणि चावी एकच, ज्याच्या त्याच्या खिशात. काम संपलं की प्रत्येकाने येऊन आपलं कुलूप आपल्या हाताने काढायचं. शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय मोटार सुरू होऊच शकत नाही. दुसऱ्याचं कुलूप काढायचं नाही आणि आपली चावी दुसऱ्याला द्यायची नाही. मोलालेबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, बाकी सगळं विसरलीस तर परत शिकवेन, हे विसरलीस तर शिकवायला कुणी उरणार नाही.

चौदाव्या महिन्यातला तो मंगळवार. मार्च होता, पण ऊन जानेवारीचं, तिकडच्या भर उन्हाळ्याचं. तीन नंबरच्या पंपाला मोटारीशी जोडणाऱ्या कपलिंगचे रबर झिजले होते, ते बदलायचे होते. स्विचवर दोन कुलपं लागली, एक ऊम दावीदचं, एक लिव्हूचं. अब्रामने लावलं नाही; तो काही काम करणार नव्हता, नुसता हाताशी होता. अकराच्या सुमाराला रबर बसले. कपलिंगवरची जाळी अजून बसवायची होती, एवढ्यात नगरपालिकेतून फोन आला: टाकी तळाला लागली आहे, दवाखान्याला पाणी नाही, तिसरा पंप ताबडतोब हवा. शिवाय टाकीवर जाऊन पातळी बघून या, वरचा मीटर खोटं बोलतोय. टाकीवर जायला गाडी बाहेर उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. जायचं होतं लिव्हूला.

ऊम दावीदने आपलं कुलूप काढून खिशात टाकलं होतं. लिव्हू पॅनेलकडे वळली, तर म्हाताऱ्याने हात पुढे केला.

“चावी दे पोरी. जाळी लागली की मी काढतो तुझं कुलूप. तू पळ, तो हॉर्न वाजवून बहिरं करील.”

नंतर लिव्हूने तो क्षण पुष्कळदा आठवून पाहिला. आपण विचार केला होता का? नव्हता केला. म्हातारा माणूस समोर हात पसरून उभा होता, बापाच्या वयाचा, चौदा महिने शिकवणारा. तिच्या गावात अशा हातात जे मागितलं ते ठेवतात. प्रश्न फक्त ते नीट, आदराने ठेवलं का, एवढाच असतो. तिने खिशातून चावी काढली, उजव्या हाताला डावा हात लावला, गुडघे किंचित वाकवले आणि दोन्ही हातांनी चावी त्याच्या तळहातावर ठेवली. चौदा महिन्यांत तिला पहिल्यांदा आपण कुणाशी तरी नीट वागलो, असं वाटलं.

ती टाकीवरून परत आली तेव्हा तीन नंबर चालू नव्हता. कपलिंगभोवती एक फडकं दोरखंडासारखं पिळून बसलं होतं. अब्राम पायरीवर बसला होता, उजवा हात बादलीत. पाणी गुलाबी होतं.

झालं होतं ते असं. फोन परत आला होता. ऊम दावीद जाळी नंतर बसवू म्हणून पॅनेलकडे गेला, लिव्हूचं कुलूप काढलं, ‘चालू करतोय’ म्हणून ओरडला आणि बटण दाबलं. एक नंबरचा पंप बाजूलाच गरगरत होता. अब्रामला ऐकू आलं नाही. तो कपलिंगवरचं जास्तीचं ग्रीस पुसत होता. फडकं गेलं, हातमोजा गेला, दोन नखं गेली. मोजा जुना होता, पटकन फाटला. नवा असता तर हात गेला असता.

ऊम दावीदचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो एकेक शब्द मोजत बोलला. अब्रामचा हात नदीकाठच्या फाटकात सापडला, असं अब्रामने स्वतःच ठरवलं आहे. कुलूप न लावता कपलिंगला हात लावला हे कळलं तर त्याचीही नोकरी जाईल. आपली पेन्शन तीन महिन्यांवर आहे. आणि लिव्हूने वहीत लिहायचं, कुलूप माझं मी काढलं.

“कुणाचं वाईट व्हायला नको,” तो म्हणाला. “तुझंही.”

अब्राम बादलीतून हात न काढता म्हणाला, “तुझी वीज बोलावली असती तर बरं झालं असतं, लिव्हू. ती तरी सांगून येते.” पण त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

वहीत प्रत्येक कामापुढे एक चौकोन असतो: स्वतःचं कुलूप स्वतः काढलं, होय की नाही. संध्याकाळी खोलीवर लिव्हूने सगळं भरलं, रबरांचा आकार, बोल्टचा जोर, टाकीची पातळी. तो चौकोन मोकळा ठेवला. गुरुवारी मोलालेबाई येणार होत्या.

हिशोब सरळ होता आणि तिने तो दहादा केला. खरं लिहिलं तर शिकाऊला काढून टाकायला एवढं कारण पुरे. मग तेरा सह्यांची वही घेऊन घरी जायचं, आणि कपाटात आणखी एक कागद ठेवायचा. होय लिहिलं तर काहीच होणार नाही. चौदावी सही मिळेल, आणखी चार मिळतील. तिच्या बाजूने दोन माणसं गप्प राहायला तयार होती. इतकी माणसं या गावात तिच्या बाजूने पूर्वी कधी नव्हती.

बुधवारी काम सुटल्यावर ती गावामागच्या दगडी टेकाडावर गेली. फोनला रेंज तिथेच मिळायची. आईला सगळं सांगितलं. आपल्या भाषेत एवढं लांब वाक्यामागून वाक्य बोलायला तिला वर्षभरात पहिल्यांदाच सापडलं होतं. पंपाला तिने पंपच म्हटलं, कपलिंगला जोडचाक. आई ऐकत होती, मधे हुंकार देत होती. सगळं सांगून झाल्यावर आईने विचारलं,

“त्या म्हाताऱ्याने मागितली?”

“हो, मा.”

“आणि तू नीट दिलीस? फेकली नाहीस ना?”

“दोन्ही हातांनी दिली.”

“मग पोरी, तुझं चुकलं कुठे? मोठ्या माणसाने मागितलं, तू दिलंस. पुढचं त्याचं तो जाणे.”

लिव्हूने पुन्हा समजवायचा प्रयत्न केला. कुलूप म्हणजे नुसतं कुलूप नाही, ते लावणाऱ्याचा जीव आहे, असं काहीतरी ती म्हणाली. पण हे शब्द तिच्या भाषेत चालेनात, दगडावर चाक चालवल्यासारखे अडखळले. आई तिला जपून खा म्हणाली, आणि फोन ठेवला.

खाली गावात दिवे लागत होते. लिव्हू टेकाडावर बसून राहिली. आजवर तिला वाटायचं, एकटेपण म्हणजे आपली भाषा बोलणारं कुणी नसणं. आता आईशी अर्धा तास बोलून झाला होता, आणि ती पहिल्यापेक्षा एकटी होती. आईचं काही चुकत नव्हतं. आई सांगत होती तशीच ती वाढली होती. आणि तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती घाबरली: उद्या ऊम दावीदने परत हात पुढे केला, तर ती परत चावी देईल. नियम पाठ होता. पण हाताला ठाऊक नव्हता. असा हात घेऊन आपण यादीत नाव लावून घेणार, आणि एखाद्या दिवशी दुसऱ्या कुणाचा तरी हात कपलिंगवर असणार.

गुरुवारी मोलालेबाई आल्या. पंपघराबाहेरच्या टेबलावर वही उघडली, बोट ओळीवरून सरकत गेलं आणि मोकळ्या चौकोनावर थांबलं.

“विसरलीस?”

“नाही मॅडम. होय लिहिलं तर खोटं होईल, म्हणून लिहिलं नाही. नाही लिहायचं धाडस झालं नाही.”

मग तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ऊम दावीदची पेन्शन सांगितली, फाटकाची बतावणी सांगितली, आणि शेवटी टेकाडावर जे ध्यानात आलं तेही सांगितलं, की मला नाही म्हणता येत नाही, ते मला शिकायचं आहे. बाईंनी एकदाही मधे तोडलं नाही. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

“आमच्याकडेही मोठ्यांना नाही म्हणत नाहीत, लिव्हुवानी,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा समोरचा माणूस माझ्या वडिलांबरोबर चर्चमध्ये बसणारा होता. माझा आवाज कोंबडीच्या पिल्लासारखा निघाला. पण निघाला.” त्यांनी वही मिटली. “या महिन्याला मी सही करणार नाही. आणि हे मला वर कळवावं लागेल.”

लिव्हूला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर छातीवरचं काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही.

चौकशी पुढच्या आठवड्यात जिल्हा कचेरीत झाली. तीन साहेब, एक पाण्याचा जग, भिंतीवर सुरक्षिततेची चित्रं. अब्राम बँडेज बांधून आला आणि फाटकाची गोष्ट सांगायला लागला, पण ऊम दावीदने हात वर करून त्याला थांबवलं. तो कोटात आला होता. त्याला कोटात लिव्हूने कधी पाहिलं नव्हतं.

“चावी मी मागितली,” तो म्हणाला. “पोरीने दिली. ती देणारच होती, मला ठाऊक होतं, म्हणून तर मागितली. दुसऱ्या कुणाला मागितली असती तर त्याने मला शिवी दिली असती. मी तिला पाना धरायला शिकवलं, शिवी द्यायला शिकवलं नाही. तेवढं माझ्या नावावर लिहा.”

त्यांनी लिहिलं. त्याला लेखी ताकीद मिळाली आणि उरलेले तीन महिने त्याला गोदामात बसवलं, नळांच्या मोजदादीवर. पेन्शन वाचली. अब्रामचा पंधरा दिवसांचा पगार कापला. लिव्हूला काढलं नाही. चौदावा महिना रद्द, बाकी चालू.

ऊम दावीद तिच्या बाजूने खरं बोलला, पण त्यानंतर तिच्याशी बोलला नाही. वाटेत भेटला तर टोपीला हात लावायचा, जसा परक्या बाईला लावतात. त्याच्या निरोपाला पंपघरात मेंढीचं मटण आणि निखाऱ्यावर भाजलेल्या भाकऱ्या झाल्या. सगळ्यांनी हात मिळवला. लिव्हूची पाळी आली तेव्हा तो मटणाच्या पातेल्याकडे वळला होता. मुद्दाम की सहज, हे विचारण्यासारखं नव्हतं. अब्रामनेही विजेची चेष्टा सोडून दिली. तिला ती चेष्टा कधी आवडली नव्हती. आता ती नाही म्हणून पंपघर रिकामं वाटायचं. नव्या फिटरने तिला पाना दिला नाही. ती बाजूला उभी राहून पाहायची आणि वहीत लिहायची, पाहिलं. मोलालेबाईंनी ‘पाहिलं’ खोडलं, नव्या फिटरशी दार लावून काहीतरी बोलल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पाना मिळायला लागला. शब्द नाही मिळाले.

असे अठरा महिने संपले आणि सह्या झाल्या सतरा.

करार संपला होता. एक महिना वाढवून द्यायला करीपुटमध्ये कुणी उत्सुक नव्हतं, आणि ती मागायलाही गेली नाही. मोलालेबाईंनीच मार्ग काढला. नदीच्या वरच्या अंगाला सत्तर किलोमीटरवर एक छोटं पंपघर होतं, दोनच पंप, मेंढ्यांच्या शेतांना पाणी देणारं. तिथला माणूस आजारी रजेवर होता. बाई म्हणाल्या, महिनाभर तू सांभाळ. मी दर आठवड्याला येईन आणि कुलूप लावून काम करून घेईन. राहायला खोली आहे. माणूस मात्र नाही.

ऑगस्ट होता, तिकडचा हिवाळा. सकाळी नळातलं पाणी गोठलेलं असायचं. आठवड्यातून एकदा गाडी यायची, मक्याचं पीठ, कांदे, टिनचे मासे टाकून जायची. एरवी नदी, पंप आणि ती. पहिल्या दिवशी तिने स्वतःशीच आपल्या भाषेत बोलून पाहिलं, मोठ्याने. आवाज पत्र्यावर आपटून परत आला आणि तो कुणा अनोळखी बाईचा वाटला. तिने परत बोलायचं नाही असं ठरवलं, मग तिसऱ्या दिवशी पंपाचं ग्लँड जास्त गळत होतं तेव्हा त्याला चांगली फैलावर घेतलं. त्यानंतर जमलं.

मोलालेबाई दर शुक्रवारी आल्या. दोन कुलपं लागायची, दोघींची. काम संपायच्या आधी बाई हात पुढे करायच्या आणि चावी मागायच्या. कधी दरडावून, कधी सहज, एकदा पाय मुरगळल्याचं सोंग करून. पहिल्या शुक्रवारी लिव्हूचे गुडघे आपोआप वाकले, हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. ‘नाही’ निघायला इतका वेळ लागला, की बाईंनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या खेपेला थोडा कमी. चौथ्या शुक्रवारी बाईंनी दिवसभर परीक्षा घेतली, फॉल्ट घालून ठेवले, तिने ते शोधले, आणि अखेर चावी मागितली.

“नाही मॅडम,” लिव्हू म्हणाली. “माझं मी काढते. तुम्ही थांबा.”

“मला उशीर होतोय.”

“होऊ दे.”

बाई थांबल्या. तिने कुलूप काढलं. मग बाईंनी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून अठरावी सही केली, तारीख घातली, फुंकर मारली. डिप्लोमाचे कागद त्या स्वतः पाठवणार होत्या. जाता जाता म्हणाल्या, जिल्ह्यात एक कनिष्ठ टेक्निशियनची जागा निघते आहे, अशीच, नदीकाठची. तीन वर्षं काढलीस तर यादीसाठी अर्ज करता येईल. तुझ्या गावाकडे काही असेल तर बघ. पण तिकडे काय आहे ते तुला ठाऊकच आहे.

गाडीची धूळ खाली बसेपर्यंत लिव्हू उभी राहिली. मग फोन घेऊन शिडीने पंपघराच्या छतावर चढली. रेंज तिथे यायची, तीही उजव्या कोपऱ्यात. तिने आईला सांगितलं, सही झाली. आईने शेजारणीला हाक मारून सांगितलं, शेजारीण काहीतरी आनंदाने बोलली, मळ्याच्या बाजूने पक्ष्यांचा कलकलाट ऐकू आला. मग आईने विचारलं, आता येतेस ना घरी. लिव्हूने जागेबद्दल सांगितलं. तीन वर्षं, म्हणाली. आईने तीन हा आकडा हळूच परत म्हटला.

“तिथे तुझ्याशी बोलायला कुणी आहे का गं?”

नदीवरून थंड वारा येत होता. खाली दोन नंबरचा पंप एका लयीत चालला होता.

“पुष्कळ माणसं आहेत, मा,” लिव्हू म्हणाली.

चार वाजायला आले होते. चारची नोंद घ्यायची होती. ती शिडीवरून उतरली.